वेडा ठरवा, नाहीतर खोटं लिहा

माननीय केंद्रीय विधी व न्याय मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली यांस



सव्वीस वर्षांच्या संसारानंतर मी घटस्फोट घेतला. माझे पती स्किझोफ्रेनियाचे रुग्ण आहेत. अर्जात मात्र या आजाराचा कुठे उल्लेख नाही. तिथे लिहिलं आहे की उभयतांमध्ये तीव्र वैचारिक मतभेद झाल्यामुळे एकत्र राहणे अशक्य झाले आहे. हे वाक्य टंकलेखकाकडे तयारच असतं, नावं आणि तारखा बदलल्या की झालं. आमच्यात वैचारिक मतभेद कधी नव्हते. मतं आम्ही बहुतेक एकाच पक्षाला देत आलो, एकमेकांनी आणलेली पुस्तकं वाचत आलो. पुरणपोळी दुधाशी खावी की तुपाशी, एवढ्यावरच काय ते वाजायचं. तरीही ते वाक्य आम्ही दोघांनी शपथेवर सांगितलं.

खरं लिहायलाही कायद्यात जागा आहे, हे मला माहीत आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ (१) चा तिसरा खंड. जोडीदार असाध्य वेडा असेल, किंवा त्याला सतत अथवा अधूनमधून असा मनोविकार होत असेल की अर्जदारानं त्याच्याबरोबर राहावं अशी वाजवी अपेक्षा ठेवता येणार नाही, तर घटस्फोट मिळू शकतो. खालच्या स्पष्टीकरणात स्किझोफ्रेनियाचं नाव मुद्दाम घातलेलं आहे. तेव्हा माझ्यासाठी दार होतं, नावाची पाटीही होती. मी त्या दारानं का गेले नाही आणि शेजारच्या दारानं जाताना काय काय बाहेर टाकून यावं लागलं, हे तुम्हाला सांगायचं आहे. मी कायद्याची अभ्यासक नाही. बँकेत नोकरी केली, निवृत्त झाले. पण या एका खंडाशी माझी ओळख बऱ्याच वकिलांपेक्षा जवळची आहे.

पत्राखाली सही नाही, त्याचं कारण इथेच सांगते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नं रुग्णाला त्याच्या आजाराबद्दल गोपनीयतेचा हक्क दिला आहे. तो हक्क त्यांचा आहे. माझं नाव छापलं की त्यांचंही छापल्यासारखंच होईल.

आमच्या वकीलबाई समजूतदार होत्या. पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "मनोविकाराच्या कारणावर जायचं तर सगळ्या फायली लागतील. डॉक्टरांना साक्षीला बोलवावं लागेल. तुम्ही काही टिपणं ठेवलीयत का?" ठेवली होती. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाची काळजी घेणारं माणूस एक वही ठेवतंच. किती वाजता झोपले, किती वाजता उठले, गोळी गिळली की गालात धरून ठेवली, शेजाऱ्यांबद्दल काय म्हणाले, हसू कधी आलं. डॉक्टर दर भेटीत पाचदहा मिनिटं देतात, त्या वेळात महिन्याचं चित्र त्यांच्यापुढे ठेवायचं तर वही हवीच. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या स्वमदत गटात जायला लागले, तेव्हा तिथल्या बऱ्याच बायकांच्या पिशवीत अशा वह्या दिसल्या. तिथे आम्हाला शुभंकर म्हणतात आणि आमच्या माणसांना शुभार्थी.

आता ती वही न्यायालयात गेली असती. वरच्या कोपऱ्यात निशाणी क्रमांक पडला असता. मी अर्जदार, ते जाबदार. माझ्या सरतपासणीत मी एकेक पान वाचून दाखवलं असतं: अमुक तारखेला यांनी दारं-खिडक्या आतून बंद करून घेतल्या, तमुक तारखेला मुलीच्या शाळेत फोन करून सांगितलं की तिची आई खरी आई नाही. मग त्यांच्या वकिलानं उलटतपासणीत सिद्ध करायला पाहिलं असतं की हे सगळं मी रंगवलंय, किंवा माझ्याच वागण्यामुळे त्यांचं डोकं बिघडलं. आणि ते समोर बसून हे ऐकत असते. आपल्याविरुद्ध कट शिजतोय, बायको नोंदी ठेवून कुणालातरी पुरवते आहे, असं त्यांना वर्षानुवर्षं वाटत आलं होतं. त्या भ्रमासाठी आम्ही त्यांना औषधं दिली, इंजेक्शनं दिली. न्यायालयानं तो भ्रम एका सकाळीत खरा करून दाखवला असता.

हा खटला जाबदारानं स्वतः लढवावा इतपत तो शहाणा नसेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३२ प्रमाणे त्याच्यासाठी वादापुरता पालक नेमावा लागतो. म्हणजे पन्नाशी ओलांडलेल्या, भूगोल शिकवण्यात हयात गेलेल्या माणसाच्या वतीनं कैफियत दुसरंच कुणी दाखल करणार. आणि तो शहाणा असेल, तर अर्जदाराचं कारणच ढासळतं. मी वकीलबाईंना विचारलं, मग जिंकतं कोण? त्या म्हणाल्या, "तारखा."

आमच्या घरात काय होतं, हे थोडं सांगायला हवं. नाहीतर तुम्हाला वाटेल, बाईला कंटाळा आला आणि ती कायद्यावर खापर फोडतेय.

लग्नाच्या चौथ्या-पाचव्या वर्षी त्यांना वाटू लागलं की स्टाफरूममधले सहकारी फळ्यावरच्या खुणांनी एकमेकांना निरोप देतात. सुरुवातीला मी हसले. स्टाफरूममध्ये राजकारण असतं, कुणाला नसतं? मग वीजमीटरचं रीडिंग घ्यायला येणारा माणूस हेर झाला. मग मी. मी केलेला चहा बंद झाला. जेवताना आमटीची वाटी ते आधी मुलीपुढे सरकवायचे, तिनं दोन घोट घेतले की मग स्वतः जेवायचे. मला प्रथम संताप आला होता, की हा माणूस पोटच्या पोरीवर विषाची परीक्षा करतो. खूप नंतर, बऱ्या काळात, त्यांनीच सांगितलं: "तू तिला विष देणार नाहीस, याची मला खात्री होती. म्हणून तिनं खाल्लं की मला खाता यायचं." त्यांच्या सगळ्या जगावरचा विश्वास उडाला होता, तरी तेवढा एक शिल्लक होता. हे वाक्य मी कुठल्या निशाणीला जोडणार होते?

आजाराची वाईट बाजू म्हणजे आवाज ऐकू येणं, संशय, आरडाओरडा, असं बाहेरच्यांना वाटतं. हे सगळं होतं. पण त्याची सवय होते, विश्वास ठेवा. सवय होत नाही ती एका गोष्टीची. आपण आजारी आहोत हे रुग्णाला न कळणं हाच या आजाराचा भाग असतो, त्यामुळे उपचाराची सगळी जबरदस्ती जवळच्या माणसाच्या हातून होते. गोळी कुणी द्यायची? बायकोनं. महिन्याच्या इंजेक्शनला कुणी न्यायचं? बायकोनं. आणि पार हाताबाहेर गेलं की दाखल करण्याच्या अर्जावर सही? तीही बायकोची. २०१७ च्या कायद्याच्या कलम ८९ मध्ये रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून तीस दिवसांपर्यंत दाखल करून घेण्याची तरतूद आहे. आधीच्या, १९८७ च्या कायद्यातही नातेवाइकांच्या अर्जावरून दाखल करता येत होतंच. तरतूद योग्य आहे. ती नसती तर ते आज जिवंत नसते, असं मी म्हणेन. पण दोन वॉर्डबॉय खांदे धरून नेत असलेला माणूस मागे वळून बघतो, तेव्हा त्याला सही करणारा हात दिसतो. महिन्याभरानं तो घरी येतो आणि रात्री त्याच हाताशेजारी झोपतो.

मी नर्स होते, पहारेकरी होते, त्यांच्या वतीनं खोटं बोलणारी जनसंपर्क अधिकारी होते. बायको कधी बंद झाले, याची तारीख मला सांगता येणार नाही.

त्यांच्या नोकरीचं थोडक्यात सांगते, कारण त्याचा राग अजून गेलेला नाही. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेला काढून टाकता येत नाही, हे १९९५ च्या अपंगांच्या कायद्यातल्या कलम ४७ मध्ये होतं आणि २०१६ च्या कायद्यात कलम २० मध्ये आहे. मानसिक आजार दोन्ही कायद्यांत अपंगत्वात धरलेला आहे. त्यांच्या संस्थेनं हे सांगितलं नाही, राजीनाम्याचा कागद मात्र टाइप करून दिला.

पुढे क्लोझापिन सुरू झालं. या औषधानं क्वचित पांढऱ्या पेशी घसरतात, म्हणून पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं. पॅथॉलॉजीतल्या एका पोराशी त्यांची गट्टी जमली, दोघं क्रिकेटवर बोलायचे, म्हणून ते जात राहिले. हळूहळू ते परतले. पूर्ण नाही, पण ओळखू येण्याइतके. आणि ते बरे व्हायला लागल्यावर मी घटस्फोटाचा विषय काढला.

इथे लोकांच्या भुवया उंचावतात. वेड लागलेलं असताना राहिलीस, आता बरं झालं तर निघालीस? हो, असंच आहे. परस्पर संमतीसाठी संमती देण्याजोगा माणूस लागतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब खाली अर्ज आला की न्यायालयाला खात्री करून घ्यावी लागते की संमती दबावानं किंवा फसवून घेतलेली नाही, आणि भ्रमाच्या भरात असलेल्या माणसाची संमती कुठलं न्यायालय धरेल? म्हणजे आजार जोरावर असताना त्याला वेडा ठरवूनच निघता येतं, आणि सभ्यपणे निघायचं तर तो बरा होईपर्यंत थांबावं लागतं. आमच्या नशिबात ते बरं होणं होतं. गटातल्या कित्येकींच्या नाही.

आम्ही जेवणाच्या टेबलावर बोललो. त्यांनी विचारलं, "मी परत आजारी पडेन म्हणून जातेस का?" मी म्हटलं, "नाही. परत आजारी पडलात तर मला बायको म्हणून सही करायची नाही, म्हणून." ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मलाही तुझ्या सहीची भीती वाटते."

त्यांच्या डॉक्टरांनी ते निर्णय घेण्यास सक्षम असल्याचं पत्र दिलं. वकीलबाईंनी ते जवळ ठेवलं, पण न्यायालयात दाखल केलं नाही. दाखल केलं तर प्रश्न सुरू होतील, त्या म्हणाल्या. वर्षभर वेगळं राहिल्याची अट होती. आम्ही एकाच घरात, वेगळ्या खोल्यांत राहत होतो. सर्वोच्च न्यायालयानं १९९१ साली सांगून ठेवलंय की वेगळं राहणं म्हणजे पती-पत्नी म्हणून न राहणं, छप्पर एक असलं तरी चालतं. त्या व्याख्येनं आम्ही कैक वर्षं वेगळेच राहत होतो. विवाह समुपदेशक बाईंनी त्यांना एकट्याला आत घेतलं आणि विचारलं, स्वेच्छेनं करताय ना? त्यांनी भूगोलाच्या मास्तरांसारखं खणखणीत 'हो' म्हटलं, बाहेर मला ऐकू आलं.

कायदा असा का झाला, याबद्दल मला राग नाही. १९५५ साली हा कायदा झाला तेव्हा क्लोरप्रोमाझिन हे मनोविकारावरचं पहिलं परिणामकारक औषध वापरात येऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. तोवर वेड लागणं म्हणजे माणूस संपणं. म्हणून मूळ तरतुदीत असाध्य वेडाची सलग तीन वर्षं मोजायची होती. १९७६ च्या दुरुस्तीनं ती अट गेली आणि आताची भाषा आली. इतर धर्मांच्या कायद्यांतही हे कारण कुठल्या ना कुठल्या रूपात आहे. मुस्लिम स्त्रियांसाठीच्या १९३९ च्या कायद्यात नवरा दोन वर्षं वेडा असेल तर बाईला सुटका मागता येते.

न्यायालयांनी त्यांच्या परीनं या भाषेला आवर घातला, हेही मान्य करते. १९८८ साली राम नारायण गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की स्किझोफ्रेनिया हे नुसतं नाव पुरेसं नाही, आजार किती तीव्र आहे ते बघा. २०१३ साली एका डॉक्टर पतीनं डॉक्टर पत्नीविरुद्ध हेच कारण पुढे केलं, तेव्हा न्यायालयानं घटस्फोट नाकारला. ती बाई सरकारी वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करत होती, आजार उपचारांनी आटोक्यात राहणारा होता. त्या बाईच्या बाजूनं निकाल लागला याचा मला आनंद आहे. कारण या देशात 'तिच्या डोक्यावर परिणाम झालाय' हे वाक्य बहुतेक वेळा सुनेबद्दल उच्चारलं जातं, आणि त्याच्या जोडीला कुठूनतरी आणलेली एक चिठ्ठी असते. पुण्याच्याच एका दांपत्याचा खटला १९७५ साली सर्वोच्च न्यायालयात संपला. पतीनं फसवणूक, मनोविकृती, क्रौर्य सगळंच मांडलं होतं. मनोविकृती सिद्ध झाली नाही, घटस्फोट मिळाला नाही. पण त्या बाईच्या आजारपणाच्या, भांडणांच्या, घरातल्या बारीकसारीक तक्रारींच्या हकिकती निकालपत्रात छापल्या गेल्या आणि कायद्याचे विद्यार्थी पन्नास वर्षं त्या वाचताहेत. क्रौर्यावरचा तो महत्त्वाचा निवाडा मानला जातो. मी तो वाचला तेव्हा मला फक्त तिचं नाव दिसत होतं.

म्हणून माझं म्हणणं दुहेरी आहे आणि दोन्ही टोकांच्या लोकांना ते आवडणार नाही. अपंगांच्या हक्कांसाठी लढणारे म्हणतात, हा खंड काढून टाका, आजार हे घटस्फोटाचं कारण असूच नये. मी म्हणते, काढा. १९९९ साली तुमच्याच खात्यानं लग्नाच्या अटींमधून अपस्मार काढला. २०१९ साली पाच कायद्यांमधून कुष्ठरोग हे कारण काढलं, बाबा आमट्यांच्या महाराष्ट्राला ते उशिराचं वाटलं तरी बरं वाटलं. उपचार सापडले तसे आजार कायद्याच्या पानांवरून उतरत गेले, मग स्किझोफ्रेनियाचंच नाव अजून का? २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा तर म्हणतो की मानसिक आजार आहे एवढ्यावरून कुणी वेडा ठरत नाही. दोन कायदे एकमेकांशी बोलतच नाहीत.

पण नुसता खंड काढलात आणि दुसरं काही दिलं नाहीत, तर माझ्यासारख्या बायका आणि पुरुष त्या घरात बंद होतील. परस्पर संमती आजारी माणसाकडून मिळणार नाही, आणि उरेल ते एकच कारण: क्रूरता. म्हणजे वेडा म्हणायचं नाही, दुष्ट म्हणायचं. हे अधिक वाईट. माझे पती क्रूर नव्हते.

मला हवंय ते दार कायद्यात नाही, पण तुमच्या खात्याच्या कपाटात आहे. लग्न सावरता न येण्याइतकं मोडलं आहे, एवढंच कारण पुरेसं धरावं, अशी शिफारस विधी आयोगानं १९७८ सालच्या ७१ व्या अहवालात केली आणि २००९ च्या २१७ व्या अहवालात पुन्हा केली. २०१० चं विवाह कायदे दुरुस्ती विधेयक त्यावरच होतं. राज्यसभेनं ते २०१३ साली संमत केलं आणि पंधराव्या लोकसभेबरोबर २०१४ साली ते व्यपगत झालं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सांगितलं की या कारणावर अनुच्छेद १४२ खाली आपण घटस्फोट देऊ शकतो. आपण म्हणजे फक्त सर्वोच्च न्यायालय. हडपसरची किंवा हिंगोलीची बाई त्यासाठी दिल्लीला कुठून जाणार?

त्या विधेयकात एक चांगली गोष्ट होती. घटस्फोटानं आपली गंभीर आर्थिक कोंडी होईल असं दाखवून पत्नीला तो अडवता येत होता. ते फक्त पत्नीपुरतं होतं. ते आजारी जोडीदाराला द्या, मग तो नवरा असो की बायको. डिक्रीवर सही करण्याआधी न्यायाधीशांनी अर्जदाराला विचारावं: हा माणूस उद्या कुठे राहील? औषधांचे पैसे कुठून येतील? पुन्हा आजार उसळला तर कोणाला फोन जाईल? याची उत्तरं कागदावर येईपर्यंत डिक्री नाही. आजार सिद्ध करण्यासाठी वापरायची ती सगळी शक्ती इथे लागू दे.

हे मी अनुभवानं म्हणते. घटस्फोटाबरोबर काय गळून पडतं, याची यादी आम्हाला कुणी दिली नाही. आमच्या बँकेच्या निवृत्तांच्या गटविम्यात निवृत्त कर्मचारी आणि त्याचा जोडीदार येतात, घटस्फोटित जोडीदार येत नाही. २०१७ च्या कायद्याचं कलम २१ विमा कंपन्यांना बजावतं की मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्या. छान आहे. पण साठीच्या उंबरठ्यावरच्या, क्लोझापिन घेणाऱ्या, उत्पन्न नसलेल्या माणसाला नवी स्वतंत्र पॉलिसी मिळवून बघा, मग या कलमाचं वजन कळतं. माझ्यामागे त्यांना कुटुंब निवृत्तिवेतन मिळालं असतं, तेही गेलं. ऑटिझम किंवा मतिमंदत्व असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यास आहे, त्याची विमा योजना आहे, स्थानिक समिती पालक नेमते. मानसिक आजार त्या १९९९ च्या कायद्यात बसतच नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ प्रमाणे पोटगी नवऱ्यालाही मिळते, ती मी दरमहा देते, आणि माझ्या नंतरची तजवीज मृत्युपत्रात केली आहे. पण हे सगळं मी केलं, कारण मला ते करायचं होतं. न्यायालयानं एकही प्रश्न विचारला नाही. वैचारिक मतभेदवाल्या जोडप्याला कोण विचारणार?

कुणी म्हणेल, मग न्यायिक फारकत का नाही घेतली? लग्न कायम राहिलं असतं, विमाही राहिला असता. कलम १० उघडून बघा. फारकतीची कारणंही तीच, कलम १३ मधली. तिथेही वेडा ठरवावंच लागतं. आणि कुणी म्हणेल, कागद कशाला हवा, वेगळं राहायचं. त्याचं उत्तर थोडं अवघड आहे. मला बायको राहायचं नव्हतं. माझी जबाबदारी मी टाकली नाही, पण मला ती एका माणसाची दुसऱ्या माणसाबद्दल असते तशी हवी होती. मंगळसूत्राला बांधलेली नको होती.

ते आता सांगलीला, धाकट्या भावाच्या घरामागच्या खोलीत राहतात. २०१७ च्या कायद्यानं प्रत्येक सज्ञान माणसाला साध्या कागदावर लिहून आपला प्रतिनिधी नेमता येतो. त्यांनी भावाचं नाव लिहिलं. मी शेजारीच बसले होते. मला सुटल्यासारखं वाटलं आणि वाईटही वाटलं, दोन्ही एकदम.

ज्यांना असा भाऊ नसतो, त्यांचं काय होतं हे महाराष्ट्राला माहीत आहे. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. या चारही मनोरुग्णालयांत बरे झालेले, पण न्यायला कुणी न आल्यामुळे राहिलेले लोक आहेत. त्यात टाकलेल्या बायका आहेत. २०१७ च्या कायद्याच्या कलम १९ मध्ये लिहिलंय की अशा लोकांसाठी सरकारनं वाजवी मुदतीत हाफवे होम आणि गटनिवास उभारावेत. तो कायदा २०१८ च्या मे महिन्यात अमलात आला. मुदत वाजवी असेल, पण ती संपत का नाही? हा प्रश्न तुमच्याबरोबर राज्याच्या आरोग्य खात्यालाही आहे. घटस्फोट देणाऱ्या न्यायाधीशानं 'हा माणूस कुठे राहील' असं विचारलं, तर दाखवायला जागा हवी.

आजारी माणसाला टाकून गेली, हे मी ऐकलं आहे. वटपौर्णिमेला सोसायटीतल्या बायका वडाला दोरा गुंडाळत असताना मी भाजी घेऊन आत शिरते, तेव्हा आवाज बारीक होतात. जे राहतात त्यांच्याबद्दल मला आदर आहे. कॅनडात प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणींनी पत्नीच्या स्किझोफ्रेनियाच्या अनुभवातूनच पुण्यातली ती संस्था उभी केली. मी ज्या खुर्चीवर बसून रडले, ती खुर्ची राहिलेल्या माणसानं मांडलेली होती. त्या गटात राहणाऱ्याही आहेत, निघालेल्याही आहेत, आणि आम्ही एकमेकींना कारण विचारत नाही. सवर्ण घरांतून मोडलेल्या लग्नाला आजही नाक मुरडतात, पण याच महाराष्ट्रात कितीतरी जातींत काडीमोड पूर्वापार होता आणि तुमच्या कायद्याच्या कलम २९ नं रूढीनं होणारा घटस्फोट शाबूत ठेवला आहे. पंचांपुढे काडी मोडताना दुसऱ्याला वेडा शाबीत करण्यासाठी डॉक्टर साक्षीला आणल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

तुमच्या खुर्चीवर पहिल्यांदा बसलेले बाबासाहेब आंबेडकर १९५१ साली मंत्रिमंडळातून बाहेर पडले, त्याचं एक मोठं कारण हिंदू कोड बिल रखडणं हे होतं. हिंदू स्त्रीला नकोशा लग्नातून बाहेर पडता यावं, हे त्यात होतं. तेव्हाही विरोधक म्हणत होते की कुटुंबं मोडतील. २०१३ साली ते दुरुस्ती विधेयक राज्यसभेत आलं तेव्हाही तेच म्हणाले. पुरुष या दाराचा गैरवापर करून आजारी बायका टाकतील, ही भीती मात्र खरी आहे, ती मी हसण्यावारी नेणार नाही. पण आजही ते टाकतातच, वेडाचं प्रमाणपत्र घेऊन टाकतात आणि तिच्या कपाळावर ते कायमचं चिकटवून टाकतात. निदान तिच्या घराचा, औषधाचा, विम्याचा प्रश्न आधी सोडवल्याशिवाय त्यांना जाऊ देऊ नका.

संसदेच्या स्थायी समितीपुढे किंवा विधी आयोगापुढे हा विषय पुन्हा आला, तर साक्ष द्यायला मी येईन. कामकाज बंद दाराआड ठेवावं, एवढीच अट. वही बरोबर आणणार नाही. घटस्फोटानंतर ती मी त्यांच्याकडे दिली. त्यांनी वाचली की नाही, मी विचारलेलं नाही.

कळावे,

पुण्याची एक शुभंकर